लोडायचं घर, बारा एकर द्राक्षबाग आणि अहवालावर सही कोणाची

मूळचं निफाड तालुक्यातलं एक जोडपं कॅलिफोर्नियात ट्रेसीला राहतं. २०२५ मध्ये त्यांनी लोडाय गावाबाहेर एक घर पसंत केलं. पावणेदोन एकरांच्या तुकड्यावर १९७८ सालचं बैठं घर, मागे दोन खोल्यांचं छोटं आउटहाउस, पाण्याला बोअर, सांडपाण्याला सेप्टिक टँक. शेजारी, त्याच मालकाची, बारा एकर झिनफांडेलची, म्हणजे वाइनच्या एका जातीच्या द्राक्षांची, बाग. निफाडच्या माणसाला द्राक्षं सोडून नुसतं घर घे म्हणणं अवघडच. दोन्ही मिळून सौदा १२ लाख ६० हजार डॉलरना ठरला. त्यातले ३ लाख १५ हजार स्वतःचे आणि ९ लाख ४५ हजार बँकेचं कर्ज.

पुढे जे झालं ते असं: या एका मालमत्तेसाठी तीन वेगवेगळ्या दर्जाच्या अप्रेझरांना, म्हणजे मालमत्तेचं मोल ठरवणाऱ्यांना, जावं लागलं. पहिल्याने अहवाल अर्ध्यात थांबवला, दुसरीने सुरुवात करण्याआधीच परत पाठवला, तिसऱ्याने पूर्ण केला. जोडप्याला वाटलं, बँक आपल्याला खेळवतेय. मी स्वतः या धंद्यात आहे, सर्टिफाइड रेसिडेन्शियल दर्जाची. ओळखीतून त्यांनी सगळे कागद मला वाचायला दिले, आणि नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, तो पहिला माणूस कच्चा होता का हो?"

नव्हता. या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वच्छ वागलेला माणूस तोच. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी दर्जांबद्दल. भारतात आपण "सरकारमान्य व्हॅल्युअर" म्हणतो तेव्हा तिथली विभागणी मालमत्तेच्या प्रकारावर असते. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता असे तीन वर्ग आहेत. अमेरिकेत घर-जमिनीच्या अप्रेझरांचे चढते दर्जे आहेत, आणि ते बँकांच्या पडझडीतून आले. ऐंशीच्या दशकात तिथल्या सेव्हिंग्ज अँड लोन, म्हणजे ठेवी घेऊन घरकर्जं देणाऱ्या, संस्था शेकड्यांनी बुडाल्या. कर्ज हवं तेवढं देता यावं म्हणून फुगवलेली मूल्यांकनं हे त्या बुडण्यामागचं एक कारण होतं. १९८९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, फिरिया नावाचा कायदा केला. त्याच्या अकराव्या प्रकरणाने ठरवलं की केंद्राच्या देखरेखीखालच्या बँकांच्या व्यवहारांत मूल्यांकन करणारा माणूस राज्याने परवाना दिलेला किंवा प्रमाणित केलेला असावा. किमान पात्रता ठरवतं अप्रेझल फाउंडेशनचं अप्रेझर क्वालिफिकेशन्स बोर्ड, परवाना देतं राज्य. कॅलिफोर्नियात हे काम ब्युरो ऑफ रिअल इस्टेट अप्रेझर्सकडे आहे.

सगळ्यांत खाली ट्रेनी. ७५ तासांचं शिक्षण घेऊन तो सुरुवात करतो, पण स्वतःच्या नावावर काही करू शकत नाही. त्याच्यावर देखरेख करणारा सर्टिफाइड दर्जाचाच लागतो. वर लायसन्स्ड रेसिडेन्शियल: १५० तासांचं शिक्षण आणि किमान १००० तासांचा अनुभव. त्याला एक ते चार कुटुंबांची निवासी मालमत्ता करता येते. ती सरळ असेल तर १० लाख डॉलरच्या आतल्या व्यवहारापर्यंत, गुंतागुंतीची असेल तर ४ लाखांच्या आत. तिसरा दर्जा माझा, सर्टिफाइड रेसिडेन्शियल: २०० तास, १५०० तासांचा अनुभव. एक ते चार युनिटांचं घर कितीही महाग, कितीही विचित्र असो, आम्ही करू शकतो. अशा घरांसाठीच योग्य असलेली मोकळी जमीनही चालते, पण तिच्यावर प्लॉट पाडून योजना उभी करण्याचं गणित मांडायचं असेल तर नाही. सर्वांत वर सर्टिफाइड जनरल: ३०० तास, ३००० तासांचा अनुभव, त्यातले निम्मे तरी अनिवासी मालमत्तांवर. त्याला दुकान, गोदाम, हॉटेल, शेत, काहीही.

राज्याराज्यांत थोडे फरक आहेत. कॅलिफोर्नियात खालच्या दोन्ही निवासी दर्जांना लहान रकमेची अनिवासी कामंही करता येतात. आपल्या प्रकरणातली रक्कम त्या सवलतीच्या खूप वर होती, म्हणून तो धागा इथेच सोडते.

आता पहिली नेमणूक. बँकेने काम अप्रेझल मॅनेजमेंट कंपनीकडे, म्हणजे बँक आणि अप्रेझर यांच्यातल्या मध्यस्थाकडे, दिलं आणि कंपनीने लायसन्स्ड रेसिडेन्शियल अप्रेझर पाठवला. कॅलिफोर्नियात परवाना क्रमांकाच्या पहिल्या दोन अक्षरांतच दर्जा असतो: एएल म्हणजे लायसन्स्ड, एआर म्हणजे सर्टिफाइड रेसिडेन्शियल, एजी म्हणजे जनरल, एटी म्हणजे ट्रेनी. जोडप्याने शोधाशोध करून काढलं की एएलला १० लाखांची मर्यादा आहे, आणि घर तर साडेबारा लाखांच्या पुढचं. "मग पाठवलाच कसा?" हा त्यांचा दुसरा प्रश्न.

इथे बहुतेकांची गल्लत होते. मर्यादा घराच्या किमतीवर नाही, व्यवहाराच्या मूल्यावर आहे. आणि कर्जाच्या बाबतीत व्यवहाराचं मूल्य म्हणजे कर्जाची रक्कम. ९ लाख ४५ हजार हे १० लाखांच्या आत येतात. हेच घर ट्रेसीतल्या एखाद्या वसाहतीत, शेजारच्या वीस घरांसारखंच एक, असं असतं तर एएलने केलेला अहवाल पूर्णपणे नियमात बसला असता. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या विम्याचं कर्ज असतं तर मात्र नाही. तिथे रक्कम कितीही असो, सर्टिफाइडच लागतो. आणि हे कर्ज फॅनी मे, फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांच्या तिथल्या मर्यादेपेक्षा मोठं, म्हणजे बँक स्वतःच्याच वहीत ठेवणार होती. त्यामुळे बँकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थांचे नियम इथे थेट लागू होते.

तो माणूस जागेवर गेला. घर मोजलं, फोटो काढले. मागचं आउटहाउस पाहिलं, त्याची परवानगी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, नोंदीत सापडेना. मग तो बागेच्या बांधावर गेला, आणि त्याच्या टिपणात एक ओळ आहे जी मला फार आवडली: ठिबकच्या मुख्य पाइपावरचा व्हॉल्व्ह आणि पंपाचा वीजमीटर घराच्या जोडणीवर नाहीत, वेगळे आहेत आणि बिल दुसऱ्याच्या नावावर येतं. घरापुरतं बघणारा माणूस मीटरकडे वळलाही नसता. याने विचारलं, आणि कळलं की बाग शेजारच्या शेतकऱ्याने वाट्याने केलीय, लेखी भाडेपट्ट्याने, अजून सहा हंगाम बाकी.

घरी येऊन त्याने टायटल कंपनीचा, म्हणजे मालकी हक्क तपासणाऱ्या कंपनीचा, प्राथमिक अहवाल उघडला. त्यात दोन पार्सलचे, म्हणजे जमिनीच्या नोंदलेल्या तुकड्यांचे, क्रमांक, एक घराचा आणि एक बागेचा. बागेच्या पार्सलखाली अपवादांच्या यादीत एक नोंद: विल्यमसन ॲक्टचा करार. १९६५ च्या या कायद्याखाली जमीनमालक काउंटीशी करार करतो की जमीन शेतीतच राहील आणि त्या बदल्यात मालमत्ता कर कमी लागतो. करार साधारण दहा वर्षांचा, आणि कोणी थांबवला नाही तर दरवर्षी एकेक वर्षाने आपोआप पुढे सरकतो. विकत घेणाऱ्यावर तो जसाच्या तसा येतो.

आपल्याकडे ही गोष्ट सातबारा उघडताक्षणी कळली असती. पीकपाहणी दिसते, बिगरशेती झालीय की नाही ते दिसतं, आणि शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेताच येत नाही, त्यामुळे घर आणि शेत एका गृहकर्जात घालण्याचा विचारही कोणी करत नाही. कॅलिफोर्नियात कोणीही शेत घेऊ शकतो, म्हणून तो फरक कागदाच्या चौदाव्या पानावर जाऊन बसतो. जोडप्याने ते पान पाहिलं होतं. ती करसवलत आहे एवढंच एजंटने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं.

एएलने त्याच दिवशी कंपनीला लिहून कळवलं: मालमत्ता गुंतागुंतीची आहे, कर्ज ४ लाखांच्या वर आहे, मी एकट्याने सही करू शकत नाही.

गुंतागुंतीची म्हणजे काय, याची व्याख्या केंद्रीय नियमांत आहे आणि ती चांगली आहे. मालमत्ता, मालकीचं स्वरूप किंवा बाजाराची स्थिती, यांपैकी काहीही नेहमीपेक्षा वेगळं असलं की मूल्यांकन गुंतागुंतीचं. घराचा आकार किंवा झगमगाट याचा तिथे संबंध नाही. इथे मालमत्ता वेगळी होती. मालकीवर दीर्घ भाडेपट्टा आणि काउंटीचा करार होता. आणि बाजारही नेहमीचा नव्हता: वाइनची मागणी घसरल्यामुळे २०२४ च्या हंगामात लोडायच्या कितीतरी बागांतली द्राक्षं विकली न जाता वेलीवरच राहिली, काहींनी तर वेलीच उपटून टाकल्या. तीनपैकी एक पुरे असताना इथे तिन्ही.

अशा वेळी काय करायचं तेही नियमात आहे. बँक दोनपैकी एक करू शकते. एएललाच काम पूर्ण करू द्यायचं आणि सर्टिफाइड अप्रेझरने ते तपासून मान्य करून सोबत सही करायची. किंवा काम सर्टिफाइड माणसाकडेच सोपवायचं. बँकेने दुसरा मार्ग धरला.

या माणसाच्या जागी दुसरा कोणी असता तर? फॉर्म भरला असता, बाग ही "मोठं अंगण" म्हणून दाखवली असती, जवळच्या दोन-तीन एकरांच्या घरांशी तुलना करून आकडा जुळवला असता. खरेदीचा करार समोर असतोच, आकडा कुठे जुळवायचा ते माहीत असतं. फी मिळाली असती. याने अर्धं काम करून फी धोक्यात घातली. आमच्या धंद्यात हे धैर्याचं काम आहे, कारण अडवणाऱ्या माणसाला पुढची ऑर्डर येईलच याची खात्री नसते.

दुसरी अप्रेझर माझ्याच दर्जाची. तिच्यापुढे रकमेचा प्रश्नच नव्हता, गुंतागुंतीचाही नव्हता. प्रश्न एकच: हे एक ते चार युनिटांचं निवासस्थान आहे का? आणि हा प्रश्न मला या संपूर्ण प्रकरणातला गाभा वाटतो, कारण तो अनेकदा कोणी विचारतच नाही. घराभोवती पाच एकर मोकळं रान असेल, मालक तिथे घोडे पाळत असेल, तर ते घरच आहे. वीस झाडं सफरचंदांची असली तरी घरच. एकर मोजून उत्तर मिळत नाही. पाहायचं असतं की त्या जमिनीचा कायद्याने चालणारा, प्रत्यक्षात होणारा आणि सर्वांत जास्त मोल देणारा उपयोग कोणता. हायेस्ट अँड बेस्ट यूज म्हणतात तो हाच.

तिने घराच्या पार्सलसाठी उत्तर लगेच दिलं: निवास. बागेच्या पार्सलसाठी तिने एकेक दार तपासलं. तिथे दुसरं घर बांधता येईल का? करार असेपर्यंत शेतीला पूरक असेल तेवढंच. तुकडे पाडता येतील का? नाही. घराच्या मालकाला ती जमीन वापरायला मिळते का? भाडेपट्टा संपेपर्यंत नाही. उत्पन्न येतं का? हो, पिकाच्या वाट्यातून. ती स्वतंत्र विकली जाऊ शकते का? पार्सल वेगळंच आहे, म्हणजे हो. इतकी उत्तरं एका बाजूला झुकल्यावर ते अंगण राहत नाही, ते चालतं शेत होतं. तिने दीड पानाचं पत्र लिहून काम परत केलं आणि फी घेतली नाही, कारण जागेवर जाण्याआधी कागदांवरूनच हे दिसत होतं.

मी असते तर मीही हेच केलं असतं. मात्र माझ्या दर्जाच्या काही सहकाऱ्यांचं मत वेगळं पडेल, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. त्यांचं म्हणणं असं की घेणारे राहायला येताहेत, मोलाचा मोठा भाग घराचा आहे, म्हणून सगळंच निवासी धरावं. भाडेपट्टा आणि करार नसता तर मी त्यांच्याशी वाद घातला नसता. पण घेणाऱ्याच्या मनातला हेतू जमिनीवर नोंदलेल्या कराराला पुसू शकत नाही.

मग सर्टिफाइड जनरल. बँकेने ज्याला आधी विचारलं त्याचं काम मुख्यतः सॅक्रामेंटोतल्या ऑफिस इमारती आणि दुकानांच्या रांगा. परवान्याने त्याला सगळंच मोकळं होतं, तरी त्याने नाही म्हटलं: द्राक्षबागा मी केलेल्या नाहीत. हीसुद्धा नियमाचीच गोष्ट. युस्पॅप या राष्ट्रीय आचारसंहितेत कॉम्पिटन्सी रूल आहे. परवाना सांगतो काय करायला मनाई नाही. ते काम तुम्हाला येतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तो काम घेण्याआधी स्वतःला विचारावा लागतो. येत नसेल तर ग्राहकाला सांगून, शिकून किंवा जाणकाराला सोबत घेऊन करता येतं. त्याने सरळ दुसऱ्याचं नाव सुचवलं.

तो दुसरा शेतीचाच माणूस, अमेरिकन सोसायटी ऑफ फार्म मॅनेजर्स अँड रूरल अप्रेझर्सची एआरए ही उपाधी असलेला. अशी उपाधी परवाना नव्हे, तिने कायद्याची कक्षा वाढत नाही, पण या कामात तिचा अर्थ मोठा. त्याच्याबरोबर एक ट्रेनी मुलगी आली. तिने वेलींच्या ओळी मोजल्या, मेलेल्या वेलींच्या जागा नकाशावर टिपल्या, भाडेपट्ट्याचा हिशेब काढला. तिच्या मदतीची नोंद अहवालाच्या प्रमाणपत्रात नावासकट आहे, तसं करावंच लागतं. नियमाची एक बाजू इथे लक्षात येते: देखरेख करणाऱ्याला जे करता येतं ते ट्रेनीला त्याच्या हाताखाली करता येतं. म्हणजे जे शेत मी, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही, सही करून मोलावू शकत नाही, त्यावर ती मुलगी रीतसर काम करत होती. मला हे योग्यच वाटतं. जबाबदारी सहीची आहे, आणि सही ज्याची त्याची कक्षा.

त्याचा अहवाल छापील फॉर्मवर नव्हता, लांब विवेचनाचा होता. घर आणि बाग त्याने आधी वेगळे मोलावले. घराला गावाबाहेरच्या, बोअर आणि सेप्टिक असलेल्या घरांच्या विक्रीशी तुलना. परवानगी नसलेल्या आउटहाउसला मोल शून्य. बागेसाठी दोन वाटा: विकल्या गेलेल्या बागांचे एकरी भाव, आणि वाट्यातून येणाऱ्या उत्पन्नाचं भांडवली मोल. दुसऱ्या वाटेने आकडा कमी आला, कारण त्याने चांगल्या जुन्या वर्षांचा द्राक्षाचा भाव न धरता पडलेला भाव धरला. शेवटी बाग एकरी ३१ हजार प्रमाणे ३ लाख ७२ हजार, घर ८ लाख ८ हजार, एकूण ११ लाख ८० हजार. दोन्ही एकत्र विकल्याने जास्तीचं काही मोल तयार होत नाही, हेही त्याने कारणांसह लिहिलं.

सौद्यापेक्षा ८० हजार कमी. बँक ७५ टक्के देणार, म्हणजे ८ लाख ८५ हजार. खरेदीच्या करारातली अप्रेझलची अट, म्हणजे मोल कमी आलं तर माघार घेण्याची मुभा, अजून उभी होती. कॅलिफोर्नियाच्या प्रचलित करारनाम्यात ती १७ दिवसांची असते. एएलने थांबवलं त्याच आठवड्यात जोडप्याने लेखी मुदतवाढ घेतली होती, हे त्यांचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल. विकणाऱ्याने अहवाल वाचला, दोन दिवस घेतले आणि १२ लाखांवर आला. जोडप्याच्या खिशातून गेले तेच ३ लाख १५ हजार. कर्ज बँकेच्या गृहकर्ज विभागाऐवजी शेतीच्या विभागातून झालं, व्याज थोडं जास्त लागलं.

राहिला फीचा वाद. पहिल्या अप्रेझलचे ८५० डॉलर आणि तिसऱ्याचे ४५००, दोन्ही जोडप्याकडून घ्यायचा बँकेचा विचार होता. मी त्यांना एकच मुद्दा मांडायला सांगितला. मालमत्ता गुंतागुंतीची आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी अप्रेझरची नाही, अंतिमतः बँकेची आहे. बँकेला ती सरळ आहे असं गृहीत धरता येतं, पण हातात उलटी माहिती असताना नाही. आणि विल्यमसन ॲक्टची नोंद असलेला टायटल अहवाल जोडप्याने कर्जाच्या अर्जासोबतच बँकेला दिला होता. पाठवल्याची तारीख ईमेलवर होती. पहिल्या दिवशी कोणी चौदावं पान उघडलं असतं तर एएलला पाठवण्याची गरजच नव्हती. तक्रार लेखी गेली, तारखेसह. बँकेने ८५० परत केले.

असं घर घेणाऱ्यांनी एवढं नक्की करावं. अप्रेझर कोण हे तुम्ही ठरवू शकत नाही, बँकेलाही त्याच्यावर आकड्यासाठी दबाव आणता येत नाही. पण भाडेपट्टा, दुसरं पार्सल, खाली दुकान, पाचवं युनिट, काउंटीचा करार असं काही असेल तर ते लोन ऑफिसरला पहिल्याच ईमेलमध्ये लिहून कळवा आणि विचारा, कोणत्या दर्जाचा अप्रेझर पाठवताय? नाव कळल्यावर परवाना अप्रेझल सबकमिटीच्या राष्ट्रीय नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येतो. अहवालाची प्रत मागायला लाजू नका. घरावरच्या पहिल्या गहाणखताच्या कर्जात ती व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी तुम्हाला देणं कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे.

आउटहाउस नियमित करून घेण्याचा त्यांचा अर्ज सध्या काउंटीकडे आहे. ते झालं की त्यांना पुन्हा कर्ज बदलायचंय. त्या वेळी बँक फक्त घराचं पार्सल तारण घेणार असेल तर माझ्या दर्जाचा अप्रेझर पुरेल. बारा एकरही तारणात असतील तर पुन्हा सर्टिफाइड जनरलच लागेल, आणि त्याची फी त्यांनी आतापासूनच हिशेबात धरलेली आहे.